फाटकापासून झोक्यापर्यंत

बागेची पाहणी करायला आलेली माणसं सहसा थेट खेळण्यांकडे जातात. झोक्याच्या साखळ्या ओढून बघतात, घसरगुंडीवरून हात फिरवतात, कुठे पत्रा उचकटला असेल तर लिहून घेतात. चालता-पळता येणाऱ्या मुलासाठी एवढं एक वेळ पुरतं. चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या, कॅलिपर लावलेल्या, न दिसणाऱ्या किंवा गर्दी-गोंगाटाने बावरून जाणाऱ्या मुलाची बाग मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. रिक्षा थांबते तिथे, फुटपाथच्या कडेला, फाटकाच्या लोखंडी दांड्यांपाशी. आणि पुष्कळदा ती तिथेच संपते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात अशी एक पाहणी चालू होती, तिच्याबरोबर मी फिरले. मुलांवर व्यवसायोपचार करणाऱ्या एक मॅडम, दोन आया, एक वडील, उद्यान विभागातले कनिष्ठ अभियंता आणि तीन मुलं असा तो गट. मॅडमच्या पिशवीत स्टीलची टेप, गवंड्याची पाणसळ आणि लाकडाचे दोन ठोकळे होते. पहिली नोंद फाटकावरच झाली. दुचाक्या आणि जनावरं आत शिरू नयेत म्हणून तिथे पाइपांची नागमोडी वाट केलेली होती. पहिल्या दोन पाइपांमधून नऊ वर्षांच्या मुलीची व्हीलचेअर कशीबशी शिरली, पण वळणावर अडकली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. सुरक्षारक्षक धावत आले. "मोठं फाटक उघडतो ना ताई, हाक मारायची नुसती." मुलीची आई शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही असता तेव्हा उघडता. तुमची ड्युटी बदलली की आम्ही इथूनच परत जातो."

अभियंत्यांनी ते वहीत टिपलं. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने २०२१ मध्ये सार्वत्रिक सुगम्यतेची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दाराला निदान ९०० मि.मी. मोकळी रुंदी सांगितली आहे. दुचाकी अडवायची आणि व्हीलचेअर सोडायची, हे कोडं अवघड आहे खरं. तरी त्याचं उत्तर कुलूप आणि किल्ली हे नाही. ज्याच्यासाठी किल्ली मागावी लागते तो बागेत पाहुणा ठरतो, आणि पाहुणा रोज येत नाही.

फाटकातून आत गेल्यावर पेव्हर ब्लॉकची वाट लागली. झाडांच्या मुळांनी ती दोन ठिकाणी वर उचलली होती. मॅडमनी तिथे पाणसळ आडवी ठेवली. वाटेचा लांबीतला चढ मोजायचं बहुतेकांना सुचतं. आडवा उतार मात्र कुणी बघत नाही. वाट एका बाजूला कलली असेल तर व्हीलचेअर सारखी त्या बाजूला ओढली जाते, आणि स्वतः चाकं फिरवणाऱ्या मुलाचा एकच हात दुखायला लागतो. अमेरिकेच्या सुगम्यता मानकांत खेळाच्या जागेच्या नियमांचा वेगळा भाग आहे. जमिनीवरच्या वाटेला १:१६ पेक्षा जास्त चढ नको, रुंदी साधारण दीड मीटर हवी, असं त्यांत आहे. दीड मीटर अशासाठी की एक खुर्ची जात असताना समोरून दुसरं मूल येऊ शकतं. वाट अरुंद असली की प्रत्येक वेळी खुर्चीवाल्यालाच थांबावं लागतं.

वाट संपली आणि खेळण्यांच्या चौकाभोवतीचा विटांचा कठडा आला. त्याच्या आत वाळू. व्हीलचेअर तिथे थांबली ती थांबलीच. कॅलिपर लावलेला मुलगा वॉकर घेऊन उतरला, तर वॉकरचे पाय वाळूत रुतले.

सुरक्षितता आणि पोहोच यांची खरी ओढाताण इथे आहे. वाळू कुणी उगाच टाकलेली नसते. मैदानावरच्या गंभीर इजांचं सर्वांत मोठं कारण म्हणजे पडणं. अमेरिकेत खेळाच्या मैदानांवर जखमी होऊन दवाखान्याच्या आपत्कालीन विभागात येणारी मुलं वर्षाला दोन लाखांच्या वर असतात, आणि त्यांतली बहुतेक पडून लागलेली. (आपल्याकडच्या बागांत अपघाताची नोंदवही मला कुठे दिसली नाही. कोणत्या खेळण्यावरून मुलं पडतात हे माळ्याला तोंडपाठ असतं, पण ते त्याला कुणी विचारत नाही.) तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेप्रमाणे सुमारे २३ सें.मी. वाळूचा थर चार फूट उंचीवरून पडणाऱ्या मुलाला सांभाळतो. पण जी जमीन पडणाऱ्याला झेलण्याइतकी मऊ असते ती चाकाला गिळते, आणि चाकाला चालेल अशी काँक्रीटची जमीन डोकं फोडते.

या पेचातून काढलेली वाट म्हणजे रबराची जमीन. बऱ्याच शहरांतल्या नव्या बागांत आता लालनिळ्या रबर मॅट दिसतात. मॅट दिसली की पाहणीच्या तक्त्यात बरोबरची खूण पडते. मॅडमनी ती कोपऱ्यात उचलून बघितली. खाली थेट काँक्रीट, वर जेमतेम बोटाएवढी जाडी, आणि त्यावर उभं खेळणं माणसाच्या उंचीपेक्षा वर गेलेलं. रबराची जाडी खेळण्याच्या उंचीवरून ठरते. किती उंचीवरून पडल्यास हा थर डोक्याला वाचवतो, याची चाचणी होते आणि उत्पादकाने त्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. आपल्याकडच्या निविदांमध्ये युरोपच्या ईएन ११७६ या मानकाचा उल्लेख पुष्कळदा असतो. तो साधनांसाठी आहे. पडण्यापासून वाचवणाऱ्या जमिनीसाठीचं मानक ईएन ११७७, त्याची जोडी. निविदेत एक असेल आणि दुसरं नसेल तर झोका प्रमाणित येतो आणि त्याखालची जमीन ठेकेदाराच्या मर्जीवर राहते. शिवाय आपल्या उन्हात रबर कडक होतं, कोपरे उचलले जातात आणि त्या उचललेल्या कडेत वॉकरचं टोक अडकतं. दरवर्षी पावसाळ्यानंतर हे बघायला हवं.

आता त्या दोन ठोकळ्यांविषयी. एक साडेतीन इंचांचा, दुसरा नऊ इंचांचा. कठड्याच्या गजांमधली, शिडीच्या पायऱ्यांमधली प्रत्येक फट एक तर पहिल्या ठोकळ्यापेक्षा लहान हवी किंवा दुसऱ्यापेक्षा मोठी. मधलं माप घातक. मूल पाय आधी घालून घसरतं, धड पार होतं, डोकं अडकतं आणि पाय अधांतरी राहतात. धडधाकट मूल कदाचित हातांवर जोर देऊन वर येईल. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याचे हात ऐन वेळी ताठ होतात त्याला ते जमत नाही. फिट येणाऱ्या काही मुलांना डॉक्टर डोक्याला शिरस्त्राण घालायला सांगतात. खेळताना शिरस्त्राण काढा असा मैदानाचा सर्वसाधारण नियम आहे, कारण ते अडकतं. या मुलांनी ते काढायचं नाही. म्हणजे त्यांच्यासाठी धोक्याचं माप आणखी वाढलं. त्या बागेत नऊ इंचांचा ठोकळा एका ठिकाणी बसला नाही, साडेतीनाचा सहज गेला. अभियंत्यांनी स्वतः वाकून पुन्हा लावून बघितला आणि त्या खेळण्याला लगेच दोरी बांधायला सांगितली. तेवढा एक निर्णय त्याच संध्याकाळी झाला.

झोक्याच्या साखळीतला इंग्रजी एसच्या आकाराचा हूक पूर्ण मिटलेला हवा, नाण्याची कडसुद्धा आत शिरता कामा नये. आपल्या मुलांच्या गळ्यात काळा दोरा असतो, ताईत असतो, मुलींच्या गळ्यात ओढणी असते. ती अडकली की काय होतं हे सांगायला नको. मग पत्र्याच्या घसरगुंडीला हात लावून झाला. बाग दुपारी बंद असते, चारला उघडते, आणि एप्रिल-मे महिन्यांत चारला पत्रा तापलेलाच असतो. इतर मुलं चटका बसला की उडी मारून बाजूला होतात. स्पायना बिफिडा असलेल्या मुलाच्या पायांना बहुधा संवेदना कमी असते. त्याला चटका कळत नाही, पोळल्याचं घरी कपडे बदलताना दिसतं. मग प्लास्टिकची घसरगुंडी घ्यावी का? घ्यावी, पण तिच्यावर घासून स्थितिक वीज तयार होते आणि कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या मुलाच्या यंत्रातलं प्रोग्रॅमिंग तिच्यामुळे बिघडू शकतं. म्हणून घसरण्याआधी यंत्राचा बाहेरचा भाग काढून ठेवायला सांगतात. तो काढला की मुलाला ऐकू येत नाही, आईची हाक पोहोचत नाही. तेव्हा आई कुठूनही दिसली पाहिजे. उंच भिंतींचे बोगदे, चारी बाजूंनी बंद बुरूज अशा मुलाला नकोत. पत्र्याची घसरगुंडी झाडाच्या सावलीत उत्तरेकडे तोंड करून बसवली तर अर्धा प्रश्न पैसे न घालता सुटतो. एका मुलाची सोय दुसऱ्याची अडचण होऊ शकते, हे ज्याला माहीत नाही त्याने बागेचा आराखडा करू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

रॅम्पचंही असंच. 'रॅम्प बांधा' म्हणणं सोपं. चार फूट उंचीच्या चौथऱ्यावर १:१२ चढाने न्यायचं तर अठ्ठेचाळीस फूट लांबीचा रॅम्प लागतो, मध्ये थांबायचे सपाट टप्पे वेगळे. बहुतेक बागांत एवढी जागा नसते, म्हणून मग उभा रॅम्प बांधला जातो, ज्यावरून खुर्ची ढकलताना आईचेच पाय घसरतात. तो रॅम्प मूल उलटवू शकतो, पण कागदावर सुगम्य बागेत जमा होतो. याला दोन चांगले पर्याय आहेत. एक, खुर्चीच्या बैठकीच्या आसपास, २८ ते ४५ सें.मी. उंचीचा एक ओटा, त्यावर मुलाने खुर्चीतून सरकायचं आणि कमी उंचीच्या पायऱ्यांवरून बसूनच वर जायचं. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. मातीचा उंचवटा करायचा, वाट त्याला वळसा घालत हळूहळू वर न्यायची आणि घसरगुंडी उंचवट्याच्या अंगावरच टेकवायची. उंचीवरून पडायची भीती नाही, गजांच्या फटी नाहीत. डोंगरउतारांवर वसलेल्या आपल्या गावांना हे परकं नाही. त्यातही एक गोष्ट राहून जाते. मूल घसरून खाली येतं, खुर्ची वर राहते. खाली टेकायला बाक नसेल तर मुलाला घसरगुंडीच्या तोंडाशीच बसून राहावं लागतं आणि मागचं मूल अंगावर येतं. हे त्या नऊ वर्षांच्या मुलीने सांगितलं. मोठ्यांपैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

व्हीलचेअरसकट बसायचा झोका ही आजकाल दिव्यांगांच्या बागेची ओळख झाली आहे. उद्घाटनाच्या फोटोत तो हमखास असतो. ऑस्ट्रेलियात 'लिबर्टी स्विंग' नावाचा असा झोका पुष्कळ ठिकाणी बसवला गेला. खुर्ची, मूल आणि लोखंडी फळा यांचं एकत्र वजन प्रचंड, त्यामुळे झुलत्या फळ्यापुढे दुसरं मूल धावत आलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून त्याला कुंपण घालावं लागलं आणि कुलूपही. तिथल्या सुगम्य स्वच्छतागृहांना चालणाऱ्या खास किल्लीने ते उघडतं. ज्या मुलाने कधीच झोका घेतला नव्हता त्याला तो मिळाला, हे मोलाचंच. तरी कुंपणाच्या आत तो एकटाच झुलतो, हा तिथल्या पालकांचा आक्षेप मला पटतो. साध्या झोक्यांच्या रांगेतच एका झोक्याला उंच पाठ, कमरेला पट्टा आणि धरायला आधार असलेली बैठक लावली तर खुर्चीतून उचलून घेता येणाऱ्या मुलांना भावाशेजारी झोका मिळतो. जमिनीच्या पातळीत बसवलेलं फिरतं चक्र असेल तर त्यावर खुर्चीही चढते आणि तिला ढकलायला चार मित्रही चढतात. ज्यांना उचलणं शक्य नाही अशा मोठ्या मुलांसाठी वेगळा झोका जरूर असावा, पण सगळा खर्च त्यातच संपवून वाट आणि जमीन तशीच सोडू नये.

न दिसणाऱ्या मुलाला झोक्याच्या टप्प्यात आपण कधी शिरलो ते कळत नाही. झोक्याच्या आसापासून जमिनीपर्यंतची जी उंची, तिच्या दुप्पट जागा पुढे आणि तेवढीच मागे मोकळी सोडायची असते. त्या सीमेवर पायाला वेगळी लागेल अशी खरखरीत पट्टी आणि डोळ्याला उठून दिसेल असा पिवळा रंग हवा. स्वमग्न मुलांच्या आया दोनच गोष्टी मागतात. सलग कुंपण, कारण मूल एका क्षणात रस्त्याकडे धावतं. आणि एक शांत कोपरा, जिथे लाउडस्पीकरवरची गाणी पोहोचत नाहीत. त्या बागेत स्पीकर नेमका खेळण्यांच्या मधोमध खांबावर होता.

स्वच्छतागृहाशी पाहणी थबकली, ती बोलण्यासाठी. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा डायपर बदलायचा असेल तर आईने काय करावं? "ओढणी धरते आणि झाडामागे बदलते," दुसऱ्या आईने सांगितलं. "आता तो मोठा झालाय, त्याला लाज वाटते. म्हणून अर्ध्या तासात घरी नेते." इंग्लंडमध्ये २००६ पासून पालकांच्या मोहिमेमुळे मोठ्या आकाराचा पलंग आणि उचलायची सोय असलेली स्वच्छतागृहं सार्वजनिक ठिकाणी बांधली जात आहेत. आपल्याकडे निदान भिंतीला एक भक्कम बाक आणि आतून लागणारी कडी एवढ्याने सुरुवात होईल. बागेत मूल किती वेळ खेळतं, हे खेळण्यांपेक्षा या खोलीवर ठरतं.

धोका पूर्ण नाहीसा करावा असं मात्र या सगळ्यातून कुणी समजू नये. लेडी ॲलन ऑफ हर्टवुड या ब्रिटिश उद्यानरचनाकार बाईंनी कोपनहेगनच्या एमड्रुप इथलं भंगारसामानाचं मैदान १९४६ मध्ये पाहिलं आणि तशी मैदानं इंग्लंडमध्ये आणण्यासाठी आयुष्य वेचलं. पुढे १९७० मध्ये त्यांनी लंडनच्या चेल्सी भागात अपंग मुलांसाठी साहसी मैदान सुरू केलं. माती, पाणी, चढणं, लोंबकळणं सगळं तिथे होतं. या मुलांना आयुष्यभर कुणीतरी सांभाळूनच धरलेलं असतं, म्हणून त्यांना धडपडण्याची गरज जास्त आहे, हे त्यांनी ओळखलं. गुडघा खरचटणं चालेल. डोकं अडकणं चालणार नाही. पाहणी करणाऱ्याला या दोहोंतला फरक कळला पाहिजे.

कायद्याने हे सगळं ऐच्छिक ठेवलेलं नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम विरंगुळ्याच्या आणि मनोरंजनाच्या सार्वजनिक जागांनाही लागू आहे. नियम जून २०१७ मध्ये आले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला तेव्हापासून पाच वर्षांची मुदत होती, म्हणजे २०२२ ला ती संपली. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारावर हा कायदा उभा आहे आणि ज्याला भारताने २००७ मध्येच मान्यता दिली, त्याच्या तिसाव्या कलमात दिव्यांग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळता यावं असं स्पष्ट लिहिलं आहे. राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्याच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सुगम्यतेचा नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. शिफारशी आणि सक्तीचे नियम यांची सरमिसळ चालणार नाही, किमान सक्तीचे नियम वेगळे करा, असं सांगून न्यायालयाने केंद्राला तीन महिने दिले. बागेच्या फाटकाची रुंदी ही कुणाच्या चांगुलपणाची गोष्ट राहू नये, हाच त्याचा रोजच्या जगण्यातला अर्थ.

नागपुरात पारडी भागात 'अनुभूती इन्क्लुसिव्ह पार्क' नावाचं मोठं उद्यान २०२३ मध्ये जाहीर झालं. ९० हजार चौरस फूट जागा, सुमारे १२ कोटी रुपये खर्च, स्पर्श आणि गंधाची बाग, जलोपचाराची सोय, कायद्यातल्या २१ प्रकारच्या अपंगत्वांचा विचार. असं एखादं उद्यान शहरात असणं चांगलंच, उपचारासाठी तर फारच. पण मूल खेळतं ते शाळेतून आल्यावर, अंधार पडेपर्यंत, गल्लीतल्या पोरांबरोबर. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बागेत रविवारची सहल होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांवर अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्यांतल्या मुलांपर्यंत पोहोचायचं तर प्रत्येक वॉर्डातली जुनी बाग थोडी थोडी बदलावी लागेल. बेंगळुरूमध्ये पालकांनी सुरू केलेल्या 'किलिकिली' संस्थेने हाच रस्ता धरला. वेगळं उद्यान न मागता त्यांनी कोल्स पार्कसारख्या महापालिकेच्या चालू बागांमध्येच सगळ्यांना खेळता येईल अशी सोय करवून घेतली आणि आखणीच्या वेळी मुलांना, पालकांना बरोबर घेतलं.

पैशांची अडचण सांगितली जाते तेव्हा एक आठवण द्यावीशी वाटते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. महापालिकेपासून ग्रामपंचायतीपर्यंत. वस्तू आणि मदत वाटण्याबरोबरच त्यातून वाट, फाटक, बाक हे का होऊ नये?

गावांत तर बाग नसतेच. तिथे खेळाची जागा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण. वर्गाच्या पायरीला रॅम्प असतो, पटांगणाला नसतो. मधल्या सुट्टीत सगळी पोरं बाहेर पळतात आणि ते एक मूल व्हरांड्यात बसून राहतं. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी गावकऱ्यांच्या मदतीने व्हरांड्यापासून लिंबाखालच्या झोक्यापर्यंत मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून पाच फुटी वाट केली. झोका उंच पाठीच्या बैठकीचा, गावच्याच वेल्डरने केलेला. मॅडमनी सुचवल्याप्रमाणे त्याच्या साखळीचे हूक मिटवून घेतले. वाट चांगली झाली, पण पहिल्याच पावसाळ्यात निम्मा मुरूम वाहून गेला. कडेला दगडी पट्टी आणि पाणी जायला चर हवा, आणि दिवाळीच्या सुट्टीत दरवर्षी एक ट्रॉली मुरूम. हा खर्च ५ टक्के निधीतून व्हावा असा अर्ज झोक्यावर बसणाऱ्या मुलीच्या वडिलांनी ग्रामपंचायतीत दिला आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो विषय ते स्वतः मांडणार आहेत.